मागच्या बाजूचा जोड

वातीमिस्त्रीला हे नाव पडलं ते त्याच्या वातीमुळे. घरांना हवेचे पत्र्याचे डक्ट बसवणारे शहरात पुष्कळ होते. पण काम संपल्यावर कापसाची वात पेटवायची, फुंकर मारून विझवायची, खाली टिनाचं झाकण धरायचं आणि तिचा बारीक धूर एकेका जोडाशी नेऊन बघायचं, हे करणारा तो एकटाच. धूर सरळ वर गेला तर जोड पक्का. दचकून बाजूला झाला तर आतली हवा बाहेर गळते आहे. आणि गपकन आत ओढला गेला तर बाहेरचं आत शिरतं आहे. त्याचे गुरू म्हणत, "अरे, हाताला फसवता येतं, डोळ्याला फसवता येतं. धुराला नाही. तो देवाचा माणूस आहे, कुणाची भीड ठेवत नाही."

लोक खाली उभे राहून हसायचे. "काय मिस्त्री, जोडाची नाडी बघताय का?"

"बघतो ना," तो शिडीवरून म्हणायचा, "तुमच्यापेक्षा खरं बोलतो तो."

अशी तीस वर्षं गेली. आणि अशा माणसाच्या हातून जे झालं ते सांगायचं आहे.

मेट्रनबाईंचं घर नव्यानं करायला काढलं होतं. बाई आयुष्यभर इस्पितळात परिचारिकांवर देखरेख करत आलेल्या. निवृत्त झाल्या तरी बोट फिरवून धूळ बघायची सवय काही निवृत्त झाली नव्हती. त्यांचे यजमान बासरी वाजवत. चाळीस वर्षं वाजवली, शिकवली, आणि आता छातीनं दगा द्यायला सुरुवात केली होती. डॉक्टरांनी सांगितलं, धुळीपासून जपा. म्हणून दोन खोल्यांमधली भिंत पाडून त्यांच्यासाठी एक मोठी खोली काढली, आणि हवा गाळून फिरवायची सोय करायला वातीमिस्त्रीला बोलावलं.

बासरीवाले रोज स्टूल घेऊन काम बघायला बसत. "मला नीट समजावून सांगा," ते म्हणाले, "हे दोन-दोन कशाला?"

"घरालासुद्धा श्वास आणि उच्छ्वास लागतो, काका," मिस्त्री म्हणाला. "हा डक्ट खोलीतली हवा ओढून नेतो. जाळीमागे फिल्टर आहे, तिथं ती गाळली जाते. मग पंखा ती ढकलतो, आणि ह्या दुसऱ्या डक्टातून ती परत तुमच्याकडे."

"म्हणजे मी इतकी वर्षं बासरीला देत आलो ते आता घर मला देणार."

मिस्त्रीला हे बोलणं फार आवडलं. दिवसभर मनात घोळत राहिलं. तो पत्र्यावर हातोडी मारायचा आणि खाली बासरी चालू असायची; मधेच थांबून ते म्हणायचे, "मिस्त्री, तुमचा ठोका लयीत आहे हं, माझंच बोट चुकलं." असं कौतुक करणारा मालक कुठे मिळतो? मिस्त्रीनं मनात म्हटलं, देवा, ह्या माणसाचं काम माझ्या हातून निर्मळ होऊ दे.

आणि होत आलंही होतं. राहिला होता एकच जोड, हवा ओढून नेणाऱ्या डक्टावरचा शेवटचा. तो नेमका जुन्या तुळईला पाठ लावून बसला. पुढून, वरून, खालून मिस्त्रीनं लेप भरला. पण मागच्या बाजूला बोटसुद्धा जाईना. ते नीट करायचं तर दोन तुकडे पट्ट्यांवरून उतरवायचे, जमिनीवर ठेवून जोड भरायचा, सुकू द्यायचा आणि पुन्हा चढवायचा. अर्धा दिवस. इकडे छतवाला फळ्या खांद्यावर घेऊन उभा. "चालू द्या, चालू द्या," तो म्हणत होता, "मी इथंच म्हातारा होतो."

मिस्त्रीनं पंखा लावला आणि वात त्या जोडाशी धरली. धूर क्षणभर सरळ उभा राहिला. मग त्यानं मान वाकवली, डक्टाला वळसा घातला आणि मागच्या बाजूला नाहीसा झाला.

वर जुन्या फळ्या होत्या, आणि फळ्यांवर आधीच्या मालकानं ऊन-थंडी लागू नये म्हणून पसरलेला लाकडाचा भुसा. चाळीस वर्षांचा. नुसता पाय पडला की ढग उठायचा. मिस्त्रीनं तो पाहिला होता.

तो शिडीवरून उतरणार, इतक्यात मेट्रनबाई आल्या. सोबत सूनबाई, आणि घर बघायला आलेल्या दोन शेजारणी.

"ह्याला म्हणतात काम!" बाई वर बोट दाखवून म्हणाल्या. "आयुष्यात कुणाला पूर्ण मार्क दिले नाहीत मी, ह्यांना दिले. बोट ठेवायला जागा नाही. तो धूर बघितलात? एकेक जोड तपासतात. काय हो मिस्त्री, झालं ना सगळं?"

चार चेहरे वर बघत होते. मिस्त्रीच्या हातात वात होती. त्यानं तोंड उघडलं, आणि त्यातून जे बाहेर पडलं ते त्याचं त्यालाच दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं.

"झालं, बाई."

त्यानं वात बोटांत चिरडली. चटका बसला.

"मग लावू का फळी?" छतवाल्यानं विचारलं.

"लाव."

घरी जाताना त्यानं स्वतःची समजूत घातली. फट ती केवढी, नखाएवढी. आणि फिल्टर आहे की. पण हे दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं. स्वतःला कसं सांगणार? फिल्टर होता जाळीपाशी आणि फट होती त्याच्या पुढे. गाळणी आधी, भोक नंतर. तिथून जे आत जाईल ते सरळ पंख्यात, आणि पंख्यातून सरळ त्या छातीत.

पुढच्या कामावर त्यानं वात काढलीच नाही. त्याच्या पुढच्याही. लेप दुप्पट भरला, जोड तीनदा हातानं चाचपले, पण तो धूर पुन्हा मान वाकवताना बघायची त्याची छाती होईना. सकाळी देवापुढे बसला की डोळे मिटायचे आणि मिटल्या डोळ्यांपुढे तोच धूर.

वाती वळून द्यायची त्याची बायको. महिनाभरानं ती म्हणाली, "अहो, कापूस डबीत तसाच आहे. वाती नकोत वाटतं हल्ली?"

"जुन्या पुरतायत."

"जुन्या? आठवड्याला डझनभर लागायच्या." तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "कुणाशी भांडलात?"

"कुणाशी भांडणार मी?"

"तेच विचारतेय. चेहरा तर मार खाल्ल्यासारखा आहे."

आणि मग एका दुपारी मेट्रनबाईंचा फोन आला. "मिस्त्री, येऊन जा जरा. तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही हं! हवा खोलीत येते त्या जाळीवर रोज काळी रेघ धरते, ती कशी पुसायची ते तेवढं आमच्या सूनबाईंना दाखवा. मी सांगून थकले."

तो गेला. वातीची डबी घरीच राहिली, म्हणजे त्यानं ती घेतलीच नाही.

सूनबाई खुर्चीवर उभ्या राहून ओल्या फडक्यानं जाळी पुसत होत्या. फडकं काळं, आणि डोळे लाल.

"सकाळी पुसली होती, आई," त्या म्हणाल्या.

"सकाळी पुसली आणि दुपारी ही रेघ? अगं, मी तीस खाटांचा विभाग आरशासारखा ठेवायची. धूळ काय आभाळातून पडते?" बाई मिस्त्रीकडे वळल्या. "तुम्हीच सांगा हिला. एवढी गाळलेली हवा, एवढे तपासलेले जोड. डक्टातून धूळ येणं शक्य आहे का? मग राहिलं कोण? फडकं!"

सूनबाईंनी मिस्त्रीकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रारसुद्धा नव्हती. दोन महिने रोज तेच ऐकून माणूस स्वतःच्याच हातांवर संशय घ्यायला लागतो, तशी ती नजर होती.

मिस्त्री तिथून वळून बासरीवाल्यांकडे गेला. ते खिडकीशी बसले होते, निम्मे झालेले. भिंतीवर बासरीची खुंटी होती आणि खुंटीवर काही नव्हतं.

"काका, वाजवत नाही का?"

ते आधी खोकले. बराच वेळ. मग हसले. "दम संपला, मिस्त्री. मी फार विचार केला. तुम्ही एवढी सुंदर खोली केलीत, हवा गाळून दिलीत. ह्याउपर कुणी काय करायचं? म्हणजे खोट इथंच आहे." त्यांनी छातीवर हात ठेवला. "परवा बासरी एका शिष्याला देऊन टाकली. रोज समोर टांगलेली बघून उगाच जीव खालीवर होतो."

मिस्त्रीला इतके दिवस वाटत होतं की आपण एक जोड वाईट केला. आता कळलं की वाईट केलं ते आपल्या चांगल्या नावानं. त्या नावाच्या जोरावरच ह्या मुलीला कामचुकार ठरवलं होतं, आणि त्याच नावाचा दाखला घेऊन ह्या माणसानं आपली बासरी दिली होती. तो जरा कच्चा कारागीर असता तर कुणीतरी वर एकदा बघितलं तरी असतं.

"बाई," तो म्हणाला, "बाई, ताई पुसतात. रोज पुसतात. धूळ वरून येते. मागच्या बाजूचा एक जोड उघडा आहे."

"सुटला असेल," बाई म्हणाल्या.

"सुटला नाही. भरलाच नव्हता."

"लक्षात आलं नसेल तेव्हा."

बाई त्याच्यासाठी दार उघडं ठेवत होत्या. त्यातून अलगद निसटता आलं असतं. मिस्त्रीनं खाली बघितलं. "त्याच दिवशी लक्षात आलं. वात हातात होती. धूर आत जाताना मी पाहिला, आणि तुम्ही विचारलंत, झालं का."

"मी समोर उभी होते."

"हो."

"चारचौघांत तुमचं कौतुक करत होते."

"हो, बाई."

"मग बोलायचं की हो तेव्हाच!"

"तुम्ही शिव्या देत असता तर बोललो असतो," मिस्त्री म्हणाला.

सूनबाई खुर्चीवरून उतरल्या, फडकं बादलीत टाकलं आणि आत निघून गेल्या. बाई "अगं, ऐक..." म्हणत तिच्या मागे दोन पावलं गेल्या आणि दारापाशीच थांबल्या. तीस खाटांचा विभाग सांभाळलेली बाई स्वतःच्या घरात क्षणभर नवखी दिसली.

मग त्याच म्हणाल्या, "आधी ह्यांना पलीकडच्या खोलीत हलवा. दार बंद करा. आणि मग काढा ते."

मिस्त्रीनं नवं रंगवलेलं छत करवतीनं कापलं. कापताना भुशाची धार डोक्यावर आली, कॉलरमधून पाठीत उतरली. त्यानं झटकली नाही. दोन्ही तुकडे उतरवले. आतून हात फिरवला तर तळवा काळा. त्यानं डक्ट आतून पुसून काढला, फडकं पिळलं, पुन्हा पुसला. जोड चारही बाजूंनी भरला. सुकेपर्यंत तो गुडघ्यात मान घालून जमिनीवर बसून राहिला. पाणी हवं का, असं कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यानं घेतलं नसतं.

डक्ट परत चढवला. पंखा लावला. आणि हात पिशवीत गेला तेव्हा आठवलं की वात नाही.

"थांबा," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांनी औषधाच्या पेटीतून कापूस काढला आणि कसलेल्या बोटांनी स्वतःच वात वळली. मिस्त्रीच्या बायकोपेक्षा घट्ट. काडीसुद्धा त्यांनीच ओढली, आणि त्याच्याकडे न देता म्हणाल्या, "मी धरते. तुम्ही शिडी धरा."

त्या वर चढल्या. मिस्त्रीला ते पटलं. आता त्याच्या शब्दावर कुणी का विसंबावं?

दार किलकिलं झालं. तोंडाला रुमाल लावून बासरीवाले उभे होते, त्यांच्या मागे सूनबाई. सगळे वर बघत होते, त्या दिवशीसारखेच. धूर जोडाशी आला, जरासा रेंगाळला, आणि सुतासारखा सरळ वर गेला.

"सरळ गेला," बासरीवाले रुमालातून म्हणाले.

"हो, काका."

"म्हणजे माझा दम..."

"किती परत येईल ते मला नाही सांगता यायचं, काका." पुन्हा 'झालं' म्हणणं किती सोपं होतं!

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," बाई शिडीवरून म्हणाल्या.

"मी जातो त्या शिष्याकडे," मिस्त्री घाईनं म्हणाला. "सगळं सांगतो. बासरी घेऊन येतो."

बासरीवाल्यांनी मान हलवली. "नको. दिलेली ती दिलेली. चांगली वाजवतो तो." त्यांनी खुंटीकडे पाहिलं. त्यांना राग येत नव्हता, हेच मिस्त्रीला सोसवेना. "दम आला तर दुसरी बघू. आधी येऊ दे."

खोलीभर भुसा पडला होता. सूनबाई पदर खोचून झाडू घेऊन पुढे झाल्या, तसा मिस्त्री आडवा आला. "द्या इकडे, ताई."

त्यांनी झाडू सोडला नाही. मिस्त्री तसाच हात पुढे करून उभा राहिला. शेवटी त्यांनी तो त्याच्या हातात दिला आणि भिंतीशी स्टुलावर बसल्या, सासऱ्यांच्याच त्या स्टुलावर. मिस्त्रीनं खोली झाडली. मग ओल्या फडक्यानं पुसली. जाळी उतरवून धुतली, खिडकीची चौकट, दारावरची पट्टी, रिकामी खुंटी, सगळं पुसलं. मेट्रनबाईंनी सवयीनं टेबलावर बोट टेकवलं, मग काय वाटलं कोण जाणे, बोट तसंच उचललं आणि सुनेकडे पाहिलं.

"तूच बघ गं," त्या म्हणाल्या.

सूनबाईंनी सगळी खोली सावकाश नजरेखालून घातली.

"त्या कपाटाखाली राहिलंय," त्या मिस्त्रीला म्हणाल्या. "मागच्या बाजूला."

कपाट जड होतं. खाली हात जेमतेम जात होता. मिस्त्रीनं आडवा होऊन गाल जमिनीला टेकवला, पाहिलं, आणि उठून कपाट ओढायला लागला.