शटर पाडून विणलेलं कापड

मित्रांनो, मी एक जुना यंत्रमाग आहे, आणि भंगारवाल्याच्या लेखी सातशे किलो लोखंड. दोन्ही खरं आहे. सुरतच्या लिंबायत भागात, अरुंद गल्लीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी उभा आहे. संध्याकाळी मला न्यायला टेंपो येणार आहे. तेवढ्यात माझी कहाणी सांगून घेतो.

मी उधन्याच्या एका ओतशाळेत घडलो. माझे पहिले मालक एक शेठ होते. त्यांच्याकडे मी वीस वर्षं साड्यांचं कोरं कापड विणलं, आणि त्यातली अकरा वर्षं माझ्यासमोर उभा असणारा कारागीर होता हिलाल. पारोळ्याकडून पोटासाठी आलेला हा माणूस शरीराने काडी, पण कान असा की आडवा धागा नेणारा धोटा जरा वाकडा गेला तर धागा तुटायच्या आत मला थांबवायचा. पुढे सरकारने नवी यंत्रं घेणाऱ्यांना अनुदान दिलं. शेठनी माझ्या चौपट वेगाची यंत्रं आणली आणि आम्हा जुन्या मागांना कोपऱ्यात ढकललं. तेव्हा हिलालने गावची जमीन विकून आम्हा चौघा मागांना विकत घेतलं.

त्या दिवशी त्याच्या बायकोने, सरलाबाईने, आम्हाला कुंकू लावलं. हिलाल माझ्यावर हात ठेवून घरच्या अहिराणीत म्हणाला, "आते मी कोनाबी नोकर नही." त्याला आयुष्यात एवढंच हवं होतं. पुन्हा कधी दुसऱ्याच्या मागावर उभं राहायचं नाही.

पहिली दोन वर्षं झकास गेली. दिवाळीआधी बाजारात कापड कमी आणि मागणारे जास्त, त्यामुळे कापडाच्या एकेका ताक्यासाठी दोन-दोन दलाल दारात यायचे. "हिलालभाई, तमारो माल एक नंबर," असं म्हणायचे. हिलाल फुलून जायचा. मला हसू यायचं. कापड तेच होतं, मीच विणत होतो. कौतुक मालाचं नव्हतं, टंचाईचं होतं. पण माणसाला भाव मिळाला की तो आपल्या हुशारीला मिळाला असंच वाटतं.

आमची कमाई बघून गल्ली जागी झाली. शेजारच्या शेडमध्ये निंबाने आठ माग बसवले. निंबा हिलालच्याच गावचा, त्याच्याच बरोबर सुरतेत आलेला. समोर आणखी सहा माग आले. तिकडे शहराबाहेर, सचिन आणि पलसाणा या गावांकडे, अनुदानातली नवी यंत्रं धडाधड सुरू झाली. सरकारचा हेतू वाईट नव्हता, पण मदत झाली ती कापड वाढवायला, आणि खरी कमतरता होती ती गिऱ्हाइकाची. सिलिंडर महागला, तेल महागलं, खोलीचं भाडं वाढलं. वर्षाला दोन साड्या घेणारी बाई एकीवर आली. एकीवर भागवणारी जुनीलाच फॉल लावू लागली. बाजारात ताक्यांच्या थप्प्या छताला टेकल्या, आणि आमच्या मीटरचा भाव उतरला.

एक दिवस सरलाबाईने बॉबिन भरता भरता विचारलं, "बठ्ठं महाग व्हयी ऱ्हायनं, मंग आपलंज कापड स्वस्त काब्र?"

सगळं महाग होतंय, तर आपलंच कापड स्वस्त का? याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण मला विचारतं कोण? सूत बनवणारे कारखानदार मोजके. मागणी घटली की ते माल कमी काढतात आणि सुताचा भाव धरून ठेवतात. कापड विणणारे आम्ही हजारो, आणि आमच्यातला प्रत्येक जण भाव पडला की जास्त विणतो. मीटरमागे कमी मिळतंय, तर मीटर वाढवू. हिलालने तेच केलं. आठ तासांचे बारा केले, बाराचे सोळा केले. निंबानेही केलं. सगळ्या गल्लीने केलं. जास्तीच्या त्या कापडाने भाव आणखी खाली बसला. खड्ड्यातून बाहेर पडायला सगळे मिळून खड्डाच खणत होते.

अर्थसंकल्पाच्या दिवशी हिलालने माग बंद ठेवून टीव्ही लावला. मदत जाहीर झाली, पण ती जुने माग मोडून नवे घेणाऱ्यांसाठी. नवे घ्यायला आपला वाटा लागतो आणि तो हिलालकडे नव्हता. त्याने टीव्ही बंद केला आणि मला सुरू केलं.

शेवटी श्रावणात, खानदेशच्या कानबाई देवीचं विसर्जन झाल्यावर, गल्लीतले सगळे जण मारुतीच्या ओट्यावर बसले. निंबाने छान समजावून सांगितलं. महिनाभर शनिवार, रविवार, सोमवार सगळे माग बंद. कापड कमी होईल, मग भाव चढेल. या गल्लीत मी ऐकलेली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती. सगळ्यांनी कानबाईची शपथ घेतली. शपथ मोडायची हिंमत खानदेशी माणूस करणार नाही, असं मला मनापासून वाटलं. हिलालही त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवला.

पहिला शनिवार उजाडला. गल्ली शांत होती. वीस-पंचवीस वर्षांत मी अशी शांतता अनुभवली नव्हती, मला ती फार आवडली. दहा वाजेपर्यंत हिलाल शेडमध्ये येरझारा घालत होता. मग सरलाबाईला म्हणाला, "बठ्ठा बंद ठेवतीन, भाव चढी. मन्हा चार मागंस्नी काय फरक पडी?"

"आनि कानबाई?" तिने विचारलं.

तो येरझारा थांबवून दाराशी गेला. त्याने शटर खाली ओढलं आणि आम्हाला सुरू केलं.

मित्रांनो, मागाला कुजबुजता येत नाही. आमची खटखट दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाते. मी धोटा टाकायला लागलो न लागलो, तोच भिंतीपलीकडून निंबाच्या मागांचा आवाज आला. मग समोरून आला, मग गल्लीच्या टोकावरून. दुपारपर्यंत सगळी गल्ली बंद शटरांच्या आड कडकडाट करत होती. मला त्या दिवशी हिलालची लाज वाटली. पण राग आला नाही, कारण तो एकट्याने थांबला असता तर एकटाच उपाशी राहिला असता.

संध्याकाळी चहाच्या हातगाडीवर, आमच्या दारासमोरच, दोघे भेटले.

"काय हिलालभाऊ, आराम व्हयना का?" निंबाने विचारलं.

"व्हयना," हिलाल म्हणाला. "तुन्हा?"

"मन्हाबी व्हयना."

आराम झाला, असं एकमेकांना सांगून दोघांनी चहा संपवला. महिनाभर असंच चाललं. महिन्याच्या शेवटी दलाल आला आणि डोकं खाजवत म्हणाला, "बंधमां तो उलटो माल वधारे आव्यो, हिलालभाई." बंदच्या महिन्यात कापड उलट जास्त आलं होतं. भाव एवढा पडला की सुताचा खर्चही निघेना.

मग गल्ली मोडायला लागली. भंगारवाल्याने महिन्याभरापूर्वी किलोला जो दर सांगितला होता, तो आज निम्म्यावर आला आहे. सगळी गल्ली एकाच आठवड्यात माग विकते आहे, दुसरं काय होणार?

काल हिलाल सचिनला एका कारखान्यात काम शोधायला गेला होता. परत आल्यावर माझ्याच चौकटीला टेकून त्याने सरलाबाईला सांगितलं की गेटवर अख्खी गल्ली उभी होती. ठेकेदाराने विचारलं, रोज किती घ्याल?

"निंबानी सातशे सांगं. मी साडेसहाशे सांगं."

"मंग?"

"मंग त्यानी सहाशे सांगं."

"आनि तुमी?"

"साडेपाचशे."

ठेकेदार हसला आणि सगळ्यांना उद्या या म्हणाला.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी यंत्राने म्हणायचं असतं की आमची निगा राखा. माझी निगा उत्तम राखली गेली. तेलपाणी कधी चुकलं नाही, दसऱ्याला झेंडू चुकला नाही. तरी मी भंगारातच चाललो आहे. तेव्हा माझी नको, एकमेकांची निगा राखा, एवढंच मागतो. या गल्लीत आता त्याचा उपयोग नाही. हिलालला आज सचिनच्या गेटवर निंबाच्या आधी पोहोचायचं होतं. तो पहाटे चारलाच निघून गेला, आणि जाताना निंबाच्या दारासमोरून चपला हातात घेऊन गेला.