ख्वाजाचा चौथरा

भालकीच्या पलीकडं, कारंजा नदीच्या काठच्या एका गावात, चिंचेखाली ख्वाजा खिजरचा चुन्यानं रंगवलेला चौथरा होता. त्यावर कबर नव्हती. ख्वाजा अमर करणारं पाणी प्यालेत, ते अजून पाण्यावरून फिरतात, बुडणाऱ्याला हात देतात, मग कबर कुणाची असणार, असं लालबी सांगायची. चौथऱ्याची झाडलोट तिच्याकडं होती. तिच्या आधी तिचा नवरा मस्तानसाब ते बघायचा.

याच मस्तानसाबनं चाळीस वर्षांपूर्वी गावातल्या सिद्धव्वाला पुरातून काढलं होतं. तेव्हा ती सात महिन्यांची गरोदर होती. शुद्धीवर आल्यावर तिनं त्याचे पाय धरले, तर तो म्हणाला, "मी न्हाई अक्का, ख्वाजाचा हात होता." त्या वर्षापासून श्रावणातल्या एका गुरुवारी सिद्धव्वा गव्हाची गोड खीर करून नदीकाठी न्यायची आणि ख्वाजाच्या नावानं पानावर दिवा ठेवून पाण्यात सोडायची.

पोटातलं ते लेकरू म्हणजे अनिलकुमार. आता त्याचा नदीकाठचा सगळा मळा उसाचा. उसाचे ट्रॅक्टर सरळ सडकेला लागावेत म्हणून त्याला काठानं रस्ता हवा होता, आणि चौथरा नेमका मधे येत होता. सर्वेअर मोजणीला येणार त्या सकाळी तो आईला म्हणाला, "अव्वा, ते जुन्या माणसाला विचारणार हायत. तिथं काय होतं म्हणून. ठाऊक न्हाई म्हण, बस्स."

"कामून? मला ठाऊक हाय की."

"मग सांग. तुझ्या नातवाच्या वाट्याचं अडवून ठेव."

सर्वेअर भला माणूस दिसत होता. त्यानं लालबीला विचारलं, "कबर कुठंय? कुणाची?" लालबी म्हणाली, "कबर न्हाई साब, ख्वाजा तो जिंदा हैं." जमलेल्यांतले काही हसले. मग त्यानं सिद्धव्वाकडं पाहिलं. "आजी, तुम्ही इथं किती वर्षं? लोक इथं खरंच पुजायला येतात का?"

सिद्धव्वा पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. "मला काय ठाऊक न्हाई," ती म्हणाली. लालबी चार हात अंतरावर उभी होती. सिद्धव्वानं तिच्याकडं मान वळवली नाही.

सर्वेअरनं कागदावर 'पूजास्थान नाही' असं लिहिलं. आठवड्यात जेसीबी आला. चौथरा पाडायचं अर्ध्या तासाचं काम होतं.

त्यानंतर सिद्धव्वा नदीवर धुणं न्यायची बंद झाली. बायका हाक मारायच्या तर ती गुडघे दुखतात म्हणायची. सून ताट वाढायची, तर घास तोंडात फिरायचा. अनिलकुमारनं एकदा डॉक्टरकडं चल म्हटलं, तर ती उठून आत गेली. लालबी लेकीकडं हुमनाबादला निघून गेल्याचं तिला बाजारात कळलं, आणि मिरच्या तिथंच टाकून ती घरी आली.

दिवाळीच्या आधी एका सकाळी ती एकटीच बसनं हुमनाबादला गेली. लालबीची लेक हायवेवरच्या एका धाब्यामागं राहायची. लालबी दारात कांदे सोलत होती. तिनं सिद्धव्वाला बसायला पाट दिला, चहा केला. सिद्धव्वानं कप तसाच खाली ठेवला.

"लालबी, मी खोटं बोलले."

"व्हय."

"मला माफ कर म्हणायला तोंड न्हाई."

लालबीनं सोललेला कांदा बाजूला ठेवला. "चौथऱ्याचं मी सोसलं असतं," ती म्हणाली. "तू माझ्याकडं बघितलं पण न्हाईस. आमच्या माणसानं तुला वर काढली, आन् तू मला वळखत न्हाई असं उभी ऱ्हायलीस." मग म्हणाली, "मला सांगून काय फायदा? ज्यांच्यापुढं बोललीस त्यांच्यापुढं सांग."

पुढच्या ग्रामसभेत सिद्धव्वा उठून उभी राहिली. समोरच्या ओळीत अनिलकुमार बसला होता.

"चौथरा व्हता," ती म्हणाली. "चाळीस वर्षं मी तिथं दिवा सोडलाय. सर्वेअरपुढं मी खोटं बोलले. मला कुणी मारलं न्हाई, बांधलं न्हाई. मीच बोलले."

सेक्रेटरीनं लिहून घेतलं. अनिलकुमार उठून बाहेर गेला, आणि त्या दिवसापासून तो आईशी जेवणापुरतंच बोलतो.

रस्ता झाला आहे, त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जातात. लालबी गावात परतली नाही. सिद्धव्वानं तिला ग्रामसभेचं सांगायला निरोप पाठवला होता. लेकीनं तो पोचवला म्हणे, पण लालबी काय म्हणाली ते विचारायचा धीर सिद्धव्वाला अजून झालेला नाही.