पालकाची सही

हॉकी हा टीव्हीवर दाखवायचा खेळच नाही, असं भुजंगचं ठाम मत. चेंडू दिसत नाही, कॅमेरा कायम एक पाऊल मागे, आणि गोल व्हायच्या वेळेला नेमक्या बातम्या. तरी सामना असला की तो आमच्याच घरी येऊन बसायचा, कारण आमचा टीव्ही रंगीत. माझं डोकं फिरायचं ते निवेदकांमुळे. खेळाडूचं अर्धं नाव खाणाऱ्या माणसाला माइकपुढे बसवतातच कशाला? मी नांदेडात मराठीचा मास्तर. जोडाक्षर चुकलं तरी मला जेवण जात नाही. माझी बायको कुसुम म्हणायची, आधी खेळ बघा, व्याकरण नंतर तपासा.

त्र्याण्णवच्या गणपतीत आमच्याकडे एकच विषय होता, नवा गोलकीपर. आमच्या गोदाकाठ क्लबचा मी सचिव, आणि भुजंग मैदान आखण्यापासून भांडणापर्यंत सगळं बघणारा. दिवाळीनंतरच्या स्पर्धेसाठी आम्ही लातूरहून मन्मथला घ्यायचं ठरवलं होतं. एकोणीस वर्षांचा, गाव किल्लारीजवळचं शिवणी खुर्द. वडील नागप्पांनी त्याला डॉक्टर करायचं म्हणून लातूरला क्लास लावून दिलेला, आणि हा पठ्ठ्या पॅड बांधून गोलात उभा. भुजंगला तर तो आत्ताच टीव्हीवर दिसायला लागला होता. निवेदक त्याला 'मनमत'च म्हणणार, यावर त्यानं माझ्याशी चहाची पैजही लावली.

क्लबच्या फॉर्मवर एक ओळ होती. एकवीस वर्षांखालील खेळाडूसाठी पालकाची सही, तारखेसह. मन्मथ म्हणाला, बापू लई चिडतील, स्पर्धा झाल्यावर सांगतो. भुजंग म्हणाला, तुम्हीच मारा सही, कोण बघून राहिलंय? मी ऐकलं नाही. पोरानं बापापासून लपवून खेळू नये, असं छोटं भाषणही दिलं.

"आनतो सर," मन्मथ म्हणाला.

"आणतो. बाणातला ण," मी म्हटलं. तो हसला, आणि अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी एसटीनं गावी गेला.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या मांडणीवरची भांडी वाजली. मांजर असेल म्हणून मी कूस बदलली. सकाळी कुसुमनं रेडिओ लावला. किल्लारीचं नाव ऐकलं, भूकंप म्हणाले, तेव्हा आधी मला तो फॉर्मच आठवला.

संध्याकाळच्या मराठी बातम्यांना आम्ही तिघं टीव्हीपुढे बसलो. दगडमातीचे ढीग, आणि एका सुरात वाचलेली गावांची नावं. त्यात 'शिवणी' आलं आणि पुढच्या गावाचं नाव सुरू झालं.

त्या भागात शिवण्या दोन. बुद्रुक वेगळी, खुर्द वेगळी, मध्ये पाच-सहा कोसांचं अंतर. निवेदिकेनं पुढचा शब्द वाचलाच नव्हता. भुजंग उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. एरवी तो निवेदकांवर ओरडायचा.

"पुढलं बोल की बाई," तो हळूच म्हणाला.

रात्रीच्या बातम्यांतही नुसतं शिवणी. दुसऱ्या दिवशीही तेच. पेपरात तर गावाचं नाव शिवानी छापलं होतं. लातूरचे फोन लागत नव्हते. भुजंग भाकऱ्यांच्या ट्रकमधून गेला, पण औशाच्या पुढे पोलिसांनी त्याला सोडलं नाही. परत आल्यावर त्यानं मला बोल लावला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. कुसुमनं ताट वाढलं की मी ते तसंच सरकवायचो. मला राग निवेदिकेचा येत होता, पेपरवाल्याचा येत होता. पण त्या पोराला गावी पाठवणारा मी होतो, एका सहीसाठी, तीही तारखेसह.

चौथ्या दिवशी दुपारी मी नुसताच मैदानावर जाऊन बसलो होतो. फाटकातून मन्मथ आला. अंगावर कुणाचा तरी ढगळा सदरा, पायांत चप्पल नव्हती. मी उठलो, त्याचे दंड धरले, आणि मला रडू आवरेना. तो मात्र शांत होता. विसर्जनाहून आलो आणि बाहेर पारावरच आडवा झालो, म्हणाला. बापू आत झोपले होते. माळवदाचं सगळं मातीचं छत खाली आलं.

मग त्यानं पँटच्या खिशातून घडी काढून माझ्या हातात दिली. फॉर्म होता. पालकाच्या रकान्यात मोठ्या, सावकाश अक्षरांत 'नागप्पा' लिहिलं होतं, आणि त्याखाली २९-९-९३.

"चिडले न्हाईत," मन्मथ म्हणाला. "म्हनले, मास्तर तारीख मागतो म्हंजे मानूस सरळ हाय. मिरवनुकीच्या आदी सही केली."

मी कागदाची घडी उलगडून सरळ केली.

"सर, सही करनारा ऱ्हायला न्हाई. ही चालंल का?"

"चालंल," मी म्हणालो. "चालंल, बाळा."