पाचवे चाक

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. गाडीच्या डिकीत, सामानाखाली निजलेले पाचवे चाक. कारखान्यात साच्यात घालून, वाफेने शेकून आम्हा पाच भावंडांना घडवले, तेव्हा आमच्यात काडीचाही फरक नव्हता. मग चौघे रस्त्यावर गेले आणि मी अंधारात राहिले. पडून असलेल्या चाकाच्या रबरातूनही हवा हळूहळू निसटत असते, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

त्या उन्हाळ्यात बाबा, त्यांची बहीण आत्या आणि मुलगी ताई गव्हाच्या मुलखातून लांबच्या प्रवासाला निघाले. गाडी ताईच्या हाती होती. पंपावर चारही चाके तपासून हवावाल्याने विचारले, "स्टेपनी पण बघू का?"

"राहू दे. वर सगळ्या बॅगा रचल्यात," बाबा म्हणाले.

"यानं डिकी भरली की देवालाही उघडता यायची नाही!" आत्या म्हणाली.

सगळे हसले. मीही हसले असते, पण अंगात तेवढी हवा नव्हती.

दुपारी कापणी झालेली शेते लागली. कुणीतरी धसकटे पेटवली होती. अचानक वारा फिरला आणि ज्वाळा दोन्ही बाजूंनी रस्त्यावर चालून आल्या. उंदीर, ससे बाहेर उसळले. काही तर पेटलेलेच होते. ताईने वेग वाढवला. तेवढ्यात तापलेल्या डांबरावर पुढचे डावे चाक स्फोटासारखे फुटले. माझे सख्खे भावंड! गाडी गर्रकन फिरून दगडावर आदळली. बाबांचे कपाळ फुटले.

"उतरा, पळा!" ताई ओरडली.

"माझे गुडघे पळतात होय? तुम्ही दोघं जा."

"गप्प बस तू!" बाबा बहिणीवर खेकसले. निगुतीने रचलेली एकेक बॅग त्यांनी रस्त्यावर भिरकावली, मला ओढून काढले आणि अंगठ्याने दाबले. अंगठा आत रुतला.

"ताई... हिच्यात हवाच नाही गं."

"आहे तेवढ्यावर जाऊ. द्या इकडे!"

तिच्या केसांत ठिणग्या पडत होत्या, तरी तिने नट आवळले. गाडी सुटली. पहिल्याच वळणावर लोखंडी रिमने माझी कड चिरली आणि मग प्रत्येक फेऱ्याला ती रिम माझ्यात सुरीसारखी फिरत राहिली. ज्वाळा दारे चाटत होत्या. आत्याशेजारची काच तडकून तिच्या मांडीवर सांडली. मी फाटत, जळत, फटाफटा आपटत धावले. कालव्याचा पूल ओलांडला, तेव्हा माझ्या नुसत्या चिंध्या उरल्या होत्या. आग पाण्यापाशी थांबली. तिघेही जिवंत होते.

आयुष्यात मी तेवढीच धावले.

परतताना त्यांनी मला पंपावरच सोडले; आता मी त्याच हवावाल्याच्या दाराशी टांगलेली असते. परवा ते तिघे पुन्हा आले. हवावाल्याने तोंड उघडण्याआधीच बाबांनी डिकीतली एकेक बॅग खाली उतरवली. कपाळावरचा व्रण चोळत ते म्हणाले, "आधी पाचवं बघ."

आत्याने माझ्या फाटक्या कडेवरून हात फिरवला.

मित्रांनो, संकटात ज्याला हाक मारणार आहात, त्याच्या अंगात त्राण आहे ना, हे सुखाच्या दिवसांतच एकदा दाबून बघा.