हळू ब्रेक

विमा कंपनीचा फोन आला तेव्हा पडदेवाला एका घराच्या बैठकीत स्टुलावर उभा होता. हातात ड्रिल, दातांत दोन स्क्रू आणि फोन खांद्याने कानाशी दाबलेला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या गाडीची पॉलिसी संपत आलीय. नवी रक्कम सांगू का?" त्याने हुंकार दिला. तिने आकडा सांगितला. त्याने स्क्रू घाईघाईने तोंडातून काढले. ते गिळले जातील असं त्याला खरोखरच वाटलं.

"अहो, मागच्या वर्षी याच्या निम्मी होती."

"हो सर. पण तुमचे दोन क्लेम झालेत. आणि दर सगळीकडेच वाढलेत."

दोन्ही क्लेममध्ये त्याचा केसाएवढाही दोष नव्हता. पहिल्यांदा त्याच्या उभ्या गाडीला कुणीतरी घासून पळालं होतं. दुसऱ्यांदा टपावर झाडाची फांदी पडली होती. हे त्याने तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "खरंय सर, पण सिस्टिमला फक्त क्लेम दिसतो."

खाली उभ्या आक्काने विचारलं, "काय झालं रे? तोंड असं का पडलंय?"

आक्का म्हणजे त्याची मोठी बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहायची आणि पडदे तीच शिवायची. तिच्यासारख्या चुण्या गावात कुणाच्या पडत नाहीत, असं गिऱ्हाईकं म्हणत. तो मापं घ्यायचा, रॉड लावायचा, पडदे चढवायचा. भाऊ पन्नाशीला आला तरी आक्का त्याला बाळ्याच म्हणायची, आणि तेही गिऱ्हाइकासमोर.

"काही नाही," तो म्हणाला. पण त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. माणसापेक्षा लांब रॉड, कापडाचे तागे, ड्रिल आणि स्टूल घेऊन बसमध्ये कुणी चढू देत नाही. गाडी थांबली की धंदा थांबला. आणि विम्याशिवाय गाडी काढणारा तो नव्हता. कुणाला काही झालं तर घरदार विकावं लागेल, ही भीती त्याला लहानपणापासून होती. गाडी घेण्याच्या कितीतरी आधीपासून.

त्याने चार ठिकाणी विचारून पाहिलं. एकाने याहून जास्त सांगितलं, दुसऱ्याला इतकी जुनी गाडी नको होती, तिसऱ्याकडे फोनवर नुसतं संगीत वाजत राहिलं, आणि चौथ्याने त्याला जीवनविमा विकायचा प्रयत्न केला. शेवटी पहिलीच मुलगी पुन्हा फोनवर आली. म्हणाली, एक योजना आहे. गाडीत एक डबी बसवायची. तुम्ही कशी चालवता ते ती बघेल, रोज गुण देईल. तीन महिने पॉलिसी तात्पुरती वाढवून देऊ. गुण चांगले आले तर नूतनीकरण मागच्याच दराने.

बुडत्याला काडीचा आधार. त्याने होकार दिला.

डबी काडेपेटीएवढी होती, काळी. मेकॅनिकने ती स्टिअरिंगखाली बसवली. वेगात गेलं, वळण झटक्यात घेतलं किंवा ब्रेक जोरात दाबला की ती टिटवीसारखी ओरडायची आणि संध्याकाळी फोनवर गुण कापल्याचं कळायचं. पहिल्याच दिवशी ती पाच वेळा ओरडली. आक्का म्हणाली, "सासू बरी होती रे माझी हिच्यापेक्षा. ती निदान जेवताना तरी गप्प बसायची."

त्याला हसू आलं नाही. त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून तो डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखा गाडी चालवू लागला. मागचे हॉर्न वाजवत, शिव्या देत पुढे जात. वेग आणि वळणं जमून गेली. कठीण होता तो ब्रेक. लांबूनच पाय हलका ठेवायचा, हळूहळू वजन द्यायचं, गाडी जणू स्वतःच्याच मनाने थांबतेय असं थांबवायचं. चुकून जोरात दाबला गेला आणि डबी ओरडली की संध्याकाळ होईपर्यंत तो सारखा फोन उघडून पाहायचा.

बायको एका दंतवैद्याच्या दवाखान्यात नावनोंदणीला बसायची. तिने एकदा टोकलं, "अहो, शाळेचा निकाल असल्यासारखं काय बघताय?"

"निकालच आहे," तो म्हणाला.

हळूहळू गुण वाढले. तिसऱ्या महिन्यात डबी जवळजवळ मुकी झाली. त्याचा पाय शिकला होता.

एका दुपारी तो आणि आक्का एका नव्या दवाखान्याचे पडदे लावून परत येत होते. आक्का शेजारी बसून सुटलेली झालर दोऱ्याने टाचत होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना टेम्पो उभे होते. पुढे पायी जाणाऱ्यांसाठी पांढरे पट्टे होते आणि पट्ट्यांपाशी एक रंगारी उभा होता. खांद्यावर शिडी, हातात रंगाचा मोठा डबा. त्याने गाडीकडे पाहिलं. पडदेवाल्यानेही त्याच्याकडे पाहिलं. नजरानजर झाली, आणि रंगारी पट्ट्यांवर उतरला.

पडदेवाल्याचा पाय ब्रेकवर गेला. हळू. अगदी हळू, तीन महिने शिकला होता तसा. गाडी पुढे जातच राहिली. त्याला शिडी दिसत होती, रंगाऱ्याच्या टोपीवरचे डाग दिसत होते, अजून थोडं वजन द्यायला हवं हेही कळत होतं. पाय मात्र आपल्याच चालीने उतरत होता.

"अरे थांब! बाळ्या, थांब!" आक्का किंचाळली. तिला गाडी चालवता येत नव्हती. तिने दोन्ही हातांनी हँडब्रेक धरला आणि विहिरीतून बादली ओढावी तसा ओढला.

गाडी तिरपी झाली. लाकूड मोडल्याचा आवाज आला, पाठोपाठ काचेवर काहीतरी धप्पकन आदळलं. समोरची काच पूर्ण पांढरी झाली. रस्ता दिसेना, माणूस दिसेना.

डबी ओरडली.

आणि पडदेवाल्याच्या मनात पहिला विचार आला तो हा: गेले गुण.

दुसऱ्या क्षणी आपण काय विचार करतोय हे त्याचं त्याला कळलं. काचेवरून रंग सावकाश खाली ओघळत होता. बाहेर कसलाच आवाज नव्हता. ना ओरडणं, ना कण्हणं. त्याने वायपर लावला; रंग आणखीच पसरला. माणूस चाकाखाली असेल. गाडी मागे घेतली तर त्याच्यावरूनच जाईल. दरवाजा उघडला तर दिसेल. त्याला दरवाजाची कडी सापडेना; रोजची कडी, रोजचाच हात, पण बोटं नुसती दारावरून फिरत राहिली.

आक्का कधीच खाली उतरली होती. तिचा आवाज आला, "जिवंत आहे रे! ये इकडे!"

रंगारी पट्ट्यांवर बसला होता, कमरेपर्यंत पांढराफटक. एक चप्पल लांब जाऊन पडली होती. शिडीचे दोन तुकडे झाले होते. त्याने डावा हात उजव्या हाताने छातीशी धरला होता आणि तो नुसता गाडीकडे बघत होता. माणसं जमली. कुणी म्हणालं पोलिसांना बोलवा, कुणी म्हणालं आधी डॉक्टर. रंगारी पडदेवाल्याच्या गाडीत बसायला काही केल्या तयार होईना. शेवटी एका टेम्पोवाल्याने त्याला आणि आक्काला पुढे बसवून घेतलं. पडदेवाला मागून चालत गेला. त्यालाही आपल्या गाडीत बसवत नव्हतं.

हाड मोडलं नव्हतं. मनगट मुरगळलं होतं, बांधून ठेवायला सांगितलं. पडदेवाला दवाखान्यातल्या बाकावर रंगाऱ्याशेजारी बसला.

"डाव्या हाताने काम करतो मी," रंगारी म्हणाला. "डावखुरा आहे."

"तुमचं सगळं मी बघतो. शिडी, रंग, खाडे, सगळं."

रंगाऱ्याने बांधलेलं मनगट मांडीवर ठेवलं. म्हणाला, "तुम्ही मला बघितलं होतं. म्हणून तर मी उतरलो. म्हटलं, यांनी बघितलंय, थांबतील."

पडदेवाल्याची मान वर झाली नाही.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं की ब्रेक लागले नाहीत. आक्का ताटं मांडत होती. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक गाडी धुवून, तपासून म्हणाला, "ब्रेक नव्यासारखे आहेत. इतके कमी झिजलेले ब्रेक मी बघितले नाहीत." तेव्हा बायको तिथेच उभी होती.

घरी आल्यावर तिने पर्स ठेवली आणि समोर बसली. "आता खरं सांगा."

त्याने सांगितलं. गुणांचा पहिला विचारही सांगितला. "अगं, माणूस मेला असता. आणि मी... मला ती डबी ऐकू आली. मला स्वतःचीच भीती वाटायला लागलीय. हा पाय माझा राहिला नाही. उद्या तुझ्यासमोर, आक्कासमोर..."

आक्का दारात उभी होती. "तुझा पाय ब्रेकवर होता," ती म्हणाली. "मी बघितला. तू दाबत नव्हतास. मला वाटलं तुला झटकाबिटका आला."

"तुम्ही काल बोलला का नाहीत, आक्का?" बायकोने विचारलं.

"तो बोलेल म्हणून वाट बघत होते."

बायको उठली आणि चहा ठेवायला गेली. तिचा राग चहाच्या भांड्यावर निघत होता हे आवाजावरून कळत होतं. आतूनच ती म्हणाली, "डबी काढून टाका. आजच्या आज."

"मग विमा?"

ती कप घेऊन बाहेर आली. "आपली गाडी किती जुनी आहे? तिच्या पत्र्याचा विमा कशाला हवाय आपल्याला? पत्रा चेपला तर चेपू दे, ठोकून घेऊ. दुसऱ्या माणसाला लागलं तर त्याची भरपाई होईल, तेवढा विमा घ्या. थर्ड पार्टी म्हणतात ना, तो. आमच्या दवाखान्यातल्या ताईंनी तोच घेतलाय. कितीतरी स्वस्त पडतो."

इतके दिवस डोकं धरून बसलेल्या त्याला हे सुचलं नव्हतं. पत्रा आणि माणूस एकाच पावतीवर असतात आणि ते वेगळे करता येतात, हे भीतीच्या भरात त्याला दिसलंच नव्हतं.

त्याने विमा कंपनीला फोन केला आणि डबी काढून फक्त थर्ड पार्टी विमा द्या म्हणून सांगितलं. तीच मुलगी होती.

"सर, डबी काढू नका ना, तीन महिने संपतच आलेत. तुमचे गुण फार छान आहेत. फक्त त्या एका दिवशी जोरात ब्रेक लागलेला दिसतोय."

"तो मी नाही लावला," तो म्हणाला. "माझ्या बहिणीने लावला. आता त्या दिवशी काय झालं ते लिहून घ्या."

त्याने सगळं सांगितलं. तारीख, रस्ता, रंगाऱ्याचं मनगट आणि चूक आपली आहे हेही. मुलगी मध्ये एकदा म्हणाली, "सर, असं सांगितलंत तर पुढच्या वर्षी..." पण तिने वाक्य सोडून दिलं आणि लिहून घेतलं. रंगाऱ्याच्या भरपाईचं काम लांबलं, कागदांवर कागद लागले. पण होईल असं दिसू लागलं. शिडी मात्र पडदेवाल्याने स्वतः नेऊन दिली, ॲल्युमिनियमची, हलकी. रंगाऱ्याच्या बायकोने दार उघडलं, शिडी आत घेतली आणि दार लावलं. या म्हणाली नाही. त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

गाडी चालवायला मात्र त्याची छाती होईना. स्टिअरिंगला हात लावला की काच पांढरी होत असल्याचा भास व्हायचा. कामं तुंबली. एका सकाळी आक्का स्वतःच गाडीत जाऊन बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, "चल. बंद कारखान्यामागच्या मैदानात."

तिथे कुणी नव्हतं. आक्काने हुकूम सोडला, "चालव. आणि मी थांब म्हटलं की थांब."

पहिल्या वेळी गाडी लोण्यासारखी थांबली. आक्का म्हणाली, "मेला तो." दुसऱ्या वेळीही तसंच. "हाही मेला." त्याने विनवलं, नको, आक्का, पुरे. ती हलली नाही. कितव्या वेळी कोण जाणे, तो ब्रेकवर सगळ्या अंगाचं वजन टाकून उभाच राहिला. गाडी किंचाळून थांबली, दोघंही पट्ट्यात अडकून पुढे झेपावले, मागचा तागा उलगडून आक्काच्या डोक्यावर आला. फुलांच्या कापडाखालून ती म्हणाली, "आता वाचला."

त्यानंतरही ते तिथे बरेचदा गेले. भीती गेली नाही, पण भीतीसकट गाडी चालवता येऊ लागली.

एकदा ते एका शाळेचे पडदे घेऊन निघाले होते. टेम्पोंच्या मधून अचानक काहीतरी पांढरं रस्त्यावर आलं. काय आहे ते कळायच्या आत त्याचा पाय तळापर्यंत गेला होता. रॉड धडाधड पुढे आले, मागच्या गाडीवाल्याने हॉर्नवर ठेवलेला हात उचललाच नाही. चाकापुढून एक रिकामी प्लास्टिकची पिशवी वाऱ्यावर घरंगळत पलीकडे गेली.

"पिशवी होती," तो म्हणाला.

आक्काने पायाशी पडलेला चष्मा उचलून पुसला, डोळ्यांवर चढवला. "असू दे," ती म्हणाली. "पिशवीसाठी पण थांबत जा."