सौरनाथ महाराजांचं वाढतं आसन

निकाल आधीच सांगून टाकतो. सत्यवतीकाकूची बॅटरी वाचली आणि सौरनाथ महाराज रविवारी संध्याकाळी पोलिसांच्या जीपमध्ये अनवाणी बसले, कारण त्यांच्या खडावा पंचनाम्यात जमा झाल्या होत्या.

आता हे मी बोललोच नाही. असं काही घडलेलं नाही. महाराज मंडपात आहेत, आसनावर आहेत आणि आपण सगळे हात जोडून खाली बसलो आहोत. पायाला मुंग्या आल्या असतील तर मांडी बदला. अजून बराच वेळ आहे.

आमची वाडी रत्नागिरीच्या बंदरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. मे महिना संपत आलेला. मंडपात दीडशे माणसं आणि उकाडा. महाराजांचा पट्टशिष्य रूपेश, जो एरवी लग्नात माईक लावतो, त्याने सगळ्यांसमोर मेन स्विच पाडला. तेवढ्यावर न थांबता मंडपात येणाऱ्या वायरची पिन उपसली आणि प्रसाद फिरवावा तशी ती रांगेतून फिरवली. काही बायकांनी तिला हळद लावली.

तरीही महाराजांच्या डोक्यावरचा बल्ब जळत राहिला. त्यांच्या शेजारचा टेबलफॅनही फिरत राहिला, फक्त त्यांच्या दिशेने. आम्ही घामाने भिजलेले, महाराजांची दाढी मात्र झुळझुळ उडत होती.

"बालकांनो, वीज आहे का?"

"नाय महाराज!"

"मग हा प्रकाश कुणाचा?"

"तुमचा महाराज!"

"माझा नव्हे रे. दिवसभर दमलेले सूर्यनारायण आज माझ्याकडे मुक्कामाला आलेत."

माझ्या शेजारची सखूआजी हळूच म्हणाली, "जेवलेत काय ते?"

हा झाला पहिला चमत्कार. दुसरा चमत्कार घराघरात होता. महाराजांनी प्रत्येक घराला एक तांब्याची ऊर्जापेटी दिली होती. लाल दोऱ्याने ती मीटरला बांधायची आणि नियम पाळायचे. नियम महाराजांच्याच शब्दांत: "संध्याकाळी पाच ते रात्री दहा हा विद्युत-राहू. या काळात मिक्सर फिरवला तर पितर गरगरतात. इस्त्री फिरवली तर कुलदेवतेला चटका बसतो. पंप लावला तर सात पिढ्यांना जुलाब होतात. जे काय करायचं ते नऊ ते पाच, सूर्यनारायणाच्या देखत करा!"

लोकांनी केलं आणि बिलं उतरली. थोडीथोडकी नव्हे, चांगली उतरली. वाडीत मला धरून तीनच माणसं नास्तिक होती. बिलं आल्यावर मी एकटा उरलो, आणि मीसुद्धा जेवणापुरता आस्तिक होतो, कारण जेवण आई वाढते.

तिसरा चमत्कार सर्वांत मोठा होता. महाराजांचं शालीने झाकलेलं आसन आपोआप उंच होत होतं. मार्चमध्ये ते साध्या पाटावर बसत. रामनवमीला गुडघाभर उंचीवर गेले. आता त्यांना वर चढायला स्टूल लागत होतं. रूपेश माईकवरून सांगायचा, "ही तपश्चर्येची उंची आहे!" फक्त अमावस्येनंतरच्या सकाळी महाराज पुन्हा पाटावर दिसत. त्याला नम्रता-सोहळा म्हणत. त्याच पहाटे वाडीतून एक टेम्पो बाहेर जायचा. या दोन गोष्टी कुणी एकत्र लावल्या नाहीत. मीही नाही. मी तेव्हा झोपलेलो असायचो.

आता सत्यवतीकाकू. काकू आमच्या शेजारची. मासळी विकते. घराच्या पडवीत तिचे तीन मोठे फ्रीझर आहेत. एक जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि त्या काळात काकू साठवलेल्या सुरमई-पापलेटावर धंदा चालवते. तो मासा नासला तर तिचं पावसाळ्याचं घर बसलं. म्हणून तिच्या मुलाने, मुंबईला असलेल्या हर्षदने, एप्रिलमध्ये छपरावर सोलरची पॅनेलं आणि पडवीत एक मोठी बॅटरी बसवून दिली. लाइट गेली तरी फ्रीझर चालावेत म्हणून.

महाराजांना हे आवडलं नाही.

"बॅटरी म्हणजे काय? सूर्यनारायणाला रात्रीसाठी डांबून ठेवणं! हे कोंडीचं पाप आहे. बॅटरी मठाला अर्पण करा, मी तिला मुक्त करतो."

गेल्या अमावस्येनंतर वाडीतल्या दहा घरांनी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या मुक्तीला पाठवल्या होत्या, त्याआधीच्या घरांच्या तर केव्हाच मुक्त झाल्या होत्या. रविवारी काकूचा नंबर होता.

"काकू, देऊ नको," मी म्हणालो.

"सोहम, तुला अक्कल नाय. बिल अर्ध्यावर आलंय माझं."

"आणि मासा?"

काकूने फ्रीझरचं झाकण उघडलं. नियमाप्रमाणे तिन्ही फ्रीझर रोज पाच ते दहा बंद असायचे, आणि संध्याकाळच्या गिऱ्हाइकासाठी झाकण तर उघडावंच लागायचं. वरच्या थरातल्या पापलेटाला बोट लावलं की खळगा पडत होता.

"महाराजांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, मासा अश्रद्ध होता."

पापलेटाच्या डोळ्यांकडे बघून मला तसं काही वाटलं नाही. पण काकूचा आवाज खाली गेला होता. हर्षदला काय सांगायचं हे तिने ठरवलं नव्हतं, फोन आला की ती मासळी बाजारात असल्याचं सांगत होती.

त्याच दुपारी कोपऱ्यावरच्या खांबावर निशिगंधा चढलेली दिसली. निशिगंधा वीज कंपनीत टेक्निशियन आहे. वाडीत तिला वायरमनबाई म्हणतात. ती कुणावरच विश्वास ठेवत नाही. बंद असलेल्या तारेवरही नाही, तीसुद्धा आधी तपासूनच हात लावते.

मी खालून ओरडलो, "निशा, बिनविजेचा बल्ब लागतो काय गो?"

"लागतो. विजेवर." ती खाली उतरली. "तुमच्याकडे पेटी हाय ना? कुठाय?"

मी इकडेतिकडे पाहिलं. आई घरात होती.

"दाराला लावलीय," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी दोरा तुटून पडली. आमचं मागचं दार वाऱ्यानं आपटतं, म्हणून मी ती दाराशी अडणीला ठेवली. दोन महिने झाले."

"आणि बिल?"

"आमचंही उतरलं."

निशिगंधाने हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "मेल्या, दोन महिने वाडीचा पुरावा तू पायाशी घेऊन बसलायस आणि आईला घाबरून गप्प राहिलायस?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. ते होतं "होय."

रविवारी साडेसहाला मंडप भरला. काकूची बॅटरी हातगाडीवर, वर झेंडूचा हार. काकू हातगाडीचा दांडा सोडत नव्हती.

आमच्याकडे कुठल्याही कामाआधी गाऱ्हाणं घालतात. वाडीतला मानकरी ग्रामदेवतेला मोठ्याने मागणं सांगतो आणि प्रत्येक वाक्यावर सगळ्यांनी "होय म्हाराजा!" म्हणायचं. हा मान आप्पांचा. महाराजांनी आल्या आल्या आप्पांना हाताशी धरलं होतं, कारण आप्पांच्या तोंडून काहीही निघालं तरी वाडी होकार देते. पेट्या अशाच आल्या. बॅटऱ्या अशाच गेल्या. ऐकायचं नाही, फक्त आप्पा थांबले की ओरडायचं, हे आम्हाला पाळण्यापासून येतं. आणि देवासमोर एकदा होय म्हटलं की माघार नाही.

आप्पांचा दुसरा नियम असा की समोर नारळ ठेवणाऱ्याचं मागणं ते नाकारत नाहीत.

निशिगंधा ड्युटीच्या कपड्यांतच पुढे आली, तिने नारळ ठेवला आणि आप्पांच्या कानात काहीतरी सांगितलं. आप्पांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ही निशिगंधा, आमच्या खांबावर चढणारी पोर, तुझ्या पायाशी नारळ ठेवून सांगणं करत्ये..."

"होय म्हाराजा!"

"सौरनाथांच्या आसनाखाली जी काय शक्ती असंल, ती आज सगळ्या लेकरांच्या डोळ्यांना दिसू दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि त्यासाठी हिनं आसनावरची शाल उचलली, तर मध्ये कोण आडवा येऊ नये रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सर्वांत मोठा आवाज खुद्द महाराजांचा होता. दोन महिन्यांत त्यांनाही सवय लागली होती.

मग आपण काय बोललो ते एकेकाला कळत गेलं. महाराजांना सर्वांत आधी कळलं.

"आसनाला हात लावशील तर भस्म होशील!"

"म्हणून तर हे आणलेत," निशिगंधा म्हणाली आणि तिने रबरी हातमोजे चढवले.

शाल निघाली. खाली बॅटऱ्या होत्या. एकावर एक, नीट रचलेल्या दहा बॅटऱ्या आणि बाजूला एक इन्व्हर्टर. आधीच्या अमावस्यांच्या बॅटऱ्या त्या पहाटेच्या टेम्पोतून विकायला गेल्या होत्या. महाराज दोन महिने आमच्या बॅटऱ्यांवर बसून आम्हाला बॅटरी पाप असल्याचं सांगत होते. इन्व्हर्टरची एक वायर बल्बला, एक फॅनला, आणि एक महाराजांच्या उजव्या खडावेखाली. तिथे घंटीचं बटण होतं. खडाव दाबली की सूर्यनारायण मुक्कामाला.

"ही माझी!" बॅटरी दिलेल्यांपैकी शमिकाने मधल्या बॅटरीकडे बोट दाखवलं. "हे बघा, माझ्या पोरानं फुलपाखराचं स्टिकर लावलेलं!"

निशिगंधाने एक वायर काढली. बल्ब विझला. फॅन थांबला. महाराजांची दाढी खाली आली.

"गेले वाटतं," सखूआजी हळहळली. "न जेवताच."

रूपेशने माईक बंद केला आणि आपण लग्नाच्या ऑर्डरीवर आल्यासारखा वायर गुंडाळू लागला. कुणीतरी पोलीस ठाण्याला फोन लावला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण काकू हातगाडीचा दांडा धरून उभीच होती, आणि आता तिचा संशय निशिगंधावर वळला होता.

"बल्बाचं ठीक हाय. पण बिल? बिल तर खरंच उतरलं. ते काय ह्यानं इन्व्हर्टरवर उतरवलं?"

दीडशे माना हलल्या. महाराजांच्या चेहऱ्यावर पुन्हा थोडं तेज आलं.

"काकू, तुझा मीटर बदलला कधी?"

"फेब्रुवारीत."

"आणि महाराज आले कधी?"

"मार्चात."

"हा नवीन मीटर किती वीज वापरली तेवढंच बघत नाय, कधी वापरली तेही लिहून ठेवतो. दिवसा नऊ ते पाच वापरलेल्या युनिटाला दरात सूट हाय. बिलाच्या मागच्या बाजूला छापलंय."

"मागची बाजू कोण वाचतो गो?"

"हे वाचतात," निशिगंधाने महाराजांकडे बोट केलं. "वाचलं आणि त्याला राहू लावला. तुमचे पंप, मशिनी, इस्त्र्या सगळं दिवसात ढकललं, सूट मिळाली. तू फ्रीझर पाच तास बंद ठेवलेस, तेवढी वीज जळलीच नाय. आणि तुझ्या छपरावर एप्रिलपासून पॅनेलं हायत, ती काय पापड वाळवायला लावलीयत?"

"मग पेटी काय करते?" आप्पांनी विचारलं.

आता माझ्यावर आलं. मी उठलो, पिशवीतून आमची पेटी काढली आणि आईकडे न बघता सगळं सांगितलं. पेटी दाराला, नियम आईचे, बिल तरीही कमी.

"दाराला?" आई म्हणाली. मंडपात हा एकच शब्द ऐकू आला आणि तो पुरेसा होता. "आणि मी रोज मीटरला उदबत्ती ओवाळत होते!"

निशिगंधाने पक्कड घालून पेटीचं झाकण उचकटलं. आत जांभ्या दगडाचा एक तुकडा आणि मूठभर पुळणीतली वाळू. दोन्ही आमच्याच किनाऱ्यावरची. वाहतूक खर्चही वाचवला होता.

काकूने तो दगड उचलून हातात तोलला. मग म्हणाली, "म्हणजे माझा मासा ह्यानं नासवला, आणि वर त्यालाच अश्रद्ध म्हणाला?"

"होय. आता ऐक. दिवसा उन्हावर बॅटरी भरायची, संध्याकाळी फ्रीझर तिच्यावर चालवायचे. पावसात ऊन नसेल त्या दिवशी दुपारच्या स्वस्त विजेवर भरून घ्यायची. लाइट गेली तरी मासा घट्ट."

काकूने बॅटरीवरचा हार काढला, तो महाराजांच्या गळ्यात घातला आणि हातगाडी घराकडे वळवली. जीप आली तेव्हा महाराज हारासकट तयार होते.

दहा जूनला वादळ झालं. खांब पडले, दोन दिवस वाडीत लाइट नव्हती. निशिगंधा रेनकोट घालून तारा जोडत होती. मी काकूच्या पडवीत गेलो. तिन्ही फ्रीझर घुमत होते. काकू फोनवर हर्षदशी बोलत होती आणि यावेळी खरोखर घरीच असल्याचं सांगत होती.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. ज्या सवयीने आम्ही फसलो, त्याच सवयीने सुटलो. न ऐकता होय म्हटलं म्हणून बॅटऱ्या गेल्या, न ऐकता होय म्हटलं म्हणून उरलेल्या परत आल्या. याला काही शहाणपण म्हणत नाहीत. पुढच्या वेळी आप्पांच्या कानाशी निशिगंधा असेलच असं नाही. म्हणून म्हणतो, बिल कमी झालं तर आनंद करा, पण का कमी झालं ते शोधा. पेटी आणि नियम दोन्ही दिले असतील तर एक काढून बघा. आणि जो तुमची वस्तू पाप म्हणून मागतो, त्याला आधी उभं राहायला सांगा, तो कशावर बसलाय ते दिसेल.

हे सगळं कायमचं व्हावं म्हणून मी रीतसर अर्ज केला आहे. तो असा:

प्रति,
मा. संबंधित अधिकारी,
विचारशक्ती वितरण विभाग, रत्नागिरी (कार्यालय अस्तित्वात असल्यास).

विषय: मानेला मीटर बसवून मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती करतो की, आमच्या वाडीतील प्रत्येक इसमाच्या मानेवर एक स्मार्ट मीटर बसवून मिळावा. न ऐकता उच्चारलेल्या प्रत्येक "होय म्हाराजा"ची त्यात वेळेसह नोंद व्हावी व त्यास चढा दर लावावा. "का?" असे विचारणाऱ्यास दिवसा नऊ ते पाच सवलत द्यावी, भर मंडपात विचारणाऱ्यास दुप्पट द्यावी. तसेच बिलाची मागची बाजू यापुढे पुढे छापावी.

सोबत पुरावा: जांभा दगड, नग एक, वाळू, मूठभर.

वाळू ठेवून घेतली तरी चालेल. दगड मात्र पाहणी होताच परत मिळावा, ही नम्र विनंती. आमचं मागचं दार पुन्हा आपटू लागलं आहे.