उंची १६२

शिट्टीताई तंदुरुस्तीच्या परीक्षेत नापास झाली. परीक्षा कधी झाली, हे मात्र तिला ठाऊक नव्हते.

कागद व्यवस्थापकांनी शनिवारी दुपारी, पाळी संपताना तिच्या हातात ठेवला. वर तरण तलावाचा शिक्का, खाली परीक्षकबाईंची सही. कोपऱ्यात उंची आणि वजन. त्याखाली पाच घटक: दमसास, ताकद, स्नायूंचा टिकाव, लवचिकता, तोल. चार घटकांपुढे आकडा आणि 'पात्र'. दमसासापुढे लाल शाईत 'नाडी १३८' आणि 'अपात्र'.

"मंगळवारपासून तुम्ही किल्ल्यांच्या खिडकीवर," व्यवस्थापक म्हणाले. "सावलीत बसायचं, कपाटांच्या किल्ल्या द्यायच्या, परत घ्यायच्या. तुमच्याच भल्याचं आहे, ताई."

"आणि खोल बाजूला कोण?"

"पैलवान."

पैलवान म्हणजे पाच जीवरक्षकांतला सर्वांत तरुण. वय सत्तावीस, दंड असे की गणवेशाच्या बाह्या दर सहा महिन्यांनी उसवाव्या लागत. बुडणाऱ्याला मागून कसे धरायचे, हे त्याला शिट्टीताईनेच शिकवले होते. तो शॉवरपाशी उभा राहून ऐकत होता.

"मी मागितलं नव्हतं हं, ताई," तो म्हणाला.

शिट्टीताई चोपन्न वर्षांची. नोकरी सव्वीस वर्षांची, त्यांतली एकोणीस खोल बाजूच्या उंच खुर्चीवर. तिने कागदाची घडी घातली आणि पिशवीत टाकली.

घरात दोघी बहिणी. धाकटी शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, कापडांचे गठ्ठे आणि एक उभा आरसा. धाकटीने ओठांत धरलेल्या टाचण्या काढल्या आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला. नंतर तिची नजर पुन्हा वर गेली.

"उंची एकशे बासष्ट? कुणाची?"

"माझीच असणार."

"काहीतरीच! वीस वर्षं तुझे कपडे शिवतेय मी. एकशे सत्तावन्न. उभी राहा भिंतीला."

"अगं, जेवू तर दे."

"उभी राहा म्हणते ना."

गळ्यातली टेप खाली आली. एकशे सत्तावन्न. धाकटीने टेप पुन्हा गळ्यात टाकली.

"ज्याला भिंतीला उभं करून उंची घेता येत नाही, तो तुझी नाडी काय मोजणार? मी असं अंदाजानं कापलं असतं तर गिऱ्हाईकानं कापड माझ्या तोंडावर फेकलं असतं." तिने कागद उलटला. मागे बारीक अक्षरांत नियम होते. "हे बघ. इतर घटकांत अपात्र ठरलं तर माणूस कामावर राहतो, सहा आठवड्यांनी फेरचाचणी. दमसासाला फेरचाचणी नाही. बरोब्बर त्यातच नापास केलंय तुला. काय करणार? बसणार त्या खिडकीत?"

 शिट्टीताईने ताटे जरा जोरातच मांडली.

सोमवारी सकाळी सात वाजता ती व्यवस्थापकांच्या खोलीत उभी होती.

"साहेब, माझी नाडी कुणी मोजली?"

व्यवस्थापकांनी चहा खाली ठेवला. "ताई, या वयाला साधारण तेवढीच असते. परीक्षकबाईंकडे नऊ तलाव आहेत. त्या सह्या करून कोरे फॉर्म पाठवतात, आम्ही भरतो. दरवर्षी असंच चालतं. तेव्हा तुम्ही कधी काही बोलला नाहीत. यंदाच खटकलं?"

हे तिला लागले. कारण ते खरे होते. आठ वर्षे तिच्या फॉर्मवर 'पात्र' येत होते आणि तिने एकदाही विचारले नव्हते, कसे काय.

"हो, यंदाच," ती म्हणाली. "आधी विचारायला हवं होतं, ती चूक माझी. पैलवानाची नाडी कुणी मोजली?"

"त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी कळतं की!"

शिट्टीताई बाहेर आली, उंच खुर्चीवर चढली आणि तिने तीन लांब शिट्ट्या मारल्या.

तीन लांब शिट्ट्या म्हणजे सगळ्यांनी ताबडतोब बाहेर. त्रेसष्ट माणसे पाण्याबाहेर आली आणि टॉवेल शोधू लागली. रोज उलटे पोहणारे एक निवृत्त मुख्याध्यापक शिडीशी ठिबकत उभे राहिले.

"काय झालं? पाण्यात काही सांडलं का?"

"पाणी ठीक आहे, काका. आमची तपासणी झालेली नाही."

"तुमची? अहो, तुम्ही मला दोनदा बाहेर काढलंय!"

"तेव्हाही झालेली नव्हती."

मुख्याध्यापक एक पाऊल मागे सरकले.

फाटकाशेजारच्या फलकावर नववा नियम होता: तंदुरुस्तीची तपासणी झालेला जीवरक्षक हजर असल्याशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये. व्यवस्थापक धावत आले तेव्हा शिट्टीताईने त्या फलकाकडे बोट दाखवले.

"खाली उतरा! तलाव उघडा!"

"पाचही जणांची चाचणी झाली, एवढं लिहून द्या. लगेच उघडते."

"हा हट्टीपणा झाला."

"झाला."

व्यवस्थापकांनी लिहून दिले नाही. त्यांनी फोन लावला. आत जाऊन लावला, दार लोटून घेतले, तरी आवाज बाहेर येतच होता. सव्वादहाला परीक्षकबाई आल्या, खांद्यावर सामानाची बॅग. त्यांनी शिट्टीताईचा फॉर्म हातात घेतला आणि त्यांची मान हळूहळू खाली गेली.

"सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "आकडे माझे नाहीत."

"आता आकडेही तुमचेच असू द्या," शिट्टीताई म्हणाली.

सुरुवात दमसासापासून. तीस सेंटिमीटर उंचीचा बाक, त्यावर यंत्राच्या टिकटिकीबरोबर तीन मिनिटे चढ-उतार, मग खाली बसून पूर्ण एक मिनिट नाडी. एकशे वीसच्या आत यायला हवी. मुख्याध्यापकांसह वीस-बावीस माणसे घरी न जाता कठड्याला टेकून उभी होती.

"तीन मिनिटांत काय कळणार?" व्यवस्थापक म्हणाले. "दम तर कुणालाही लागतो."

"लागू दे की. तो किती लवकर ओसरतो, ते बघायचंय," परीक्षकबाई म्हणाल्या. त्यांची दोन बोटे शिट्टीताईच्या मनगटावर होती आणि नजर घड्याळावर. "आता बोलू नका."

मिनिट संपले.

"एकशे एक."

"किती?"

"एकशे एक," परीक्षकबाईंनी पुन्हा सांगितले.

हाताच्या पकडीची ताकद: चौतीस किलो, हवी होती पंचवीस. टिकाव पाहायला मिनिटभर उठाबशा नव्हेत, तर पाठीवर झोपून उठून बसणे: चोवीस वेळा, हवे होते पंधरा. तोल म्हणजे डोळे मिटून एका पायावर दहा सेकंद. पंधराव्या सेकंदाला पैलवान म्हणाला, "ताई, अगदी बगळा दिसताय." बाविसाव्याला तिला हसू आले आणि पाय टेकला.

राहिली लवचिकता. जमिनीवर पाय लांब करून बसायचे, तळवे लाकडी पेटीला टेकवायचे, गुडघे सरळ ठेवून पेटीवरच्या पट्टीवर दोन्ही हात पुढे सरकवायचे. पायाच्या बोटांच्या रेषेवर शून्य. तिथवर पोचले की पात्र.

पहिल्या प्रयत्नात तिची बोटे शून्याच्या सात सेंटिमीटर अलीकडे थांबली. दुसऱ्यात सहा. मांड्यांच्या मागच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या. एकोणीस वर्षे गुडघे दुमडून खुर्चीवर काढली होती, त्याचा हा हिशेब.

"गुडघे जरासे सैल सोडा," पैलवान तिच्यापाशी वाकून कुजबुजला. "कोण बघतंय?"

"मी," शिट्टीताई म्हणाली.

तिसऱ्या प्रयत्नातही सहाच.

"म्हणजे अपात्रच!" व्यवस्थापकांचा आवाज एकदम मोकळा झाला. "एवढा तमाशा करून फिरून तिथंच आलो ना आपण?"

परीक्षकबाई नव्या फॉर्मवर पेन धरून थांबल्या. जुना फॉर्म त्यांच्या मांडीवर होता. "जुन्यावर लवचिकता अधिक चार दिलीय," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तो आकडा तसाच ठेवला आणि फक्त दमसास दुरुस्त केला, तर सगळंच पात्र होतं. तक्रार तुमची दमसासाचीच होती ना?"

 व्यवस्थापकांनी मान डोलावली. त्यांनाही तलाव उघडायचा होता.

शिट्टीताई अजून जमिनीवरच होती, पाय लांब करून.

"उणे सहा लिहा," ती म्हणाली.

"अहो ताई, फेरचाचणीतही नाही जमलं, तर खिडकी कायमची," पैलवान म्हणाला.

"मागचे नियम वाचलेत मी. खोटा एकशे अडतीस खोडायचा आणि खोटा चार जपून ठेवायचा, हे मला जमणार नाही. माझा दम माझा आहे, आणि हे आखडलेले पायही माझेच. लिहा."

परीक्षकबाईंनी लिहिले. उणे सहा, अपात्र, फेरचाचणी सहा आठवड्यांनी.

मग पैलवान बाकावर चढला. दुसऱ्या मिनिटाला त्याचा चेहरा लालबुंद झाला, तिसरे संपताच तो बाकावरच आडवा झाला. फॉर्मवर त्याची नाडी शहाण्णव होती. आता आली एकशे अठरा.

"दोनानं वाचलास," परीक्षकबाई म्हणाल्या.

"मेलो," पैलवान म्हणाला. नंतर पेटीपुढे बसला आणि त्याची बोटे अलगद शून्याच्या अकरा सेंटिमीटर पुढे गेली. कठड्यावरून कोणीतरी टाळी वाजवली.

"हे कसं रे जमतं तुला?" शिट्टीताईने विचारले.

"रोज सकाळी दहा मिनिटं. उद्यापासून तुम्हीपण या. पण मी रडवीन हं."

"तुला पाण्यात मी काय कमी रडवलं होतं?"

उरलेल्या तिघांची चाचणी होईस्तोवर दुपारचा एक वाजत आला. परीक्षकबाईंनी कागद गोळा केले. व्यवस्थापकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"एक राहिलं," शिट्टीताई म्हणाली. "उंची."

"उंचीला पात्र-अपात्र काही नसतं!" व्यवस्थापक ओरडले. "सोडा की आता!"

"नसू दे. मोजा."

ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. टाचा टेकलेल्या, हनुवटी सरळ. परीक्षकबाईंनी टेप धरली आणि फॉर्मवर एकशे सत्तावन्न लिहिले. जुना फॉर्म शिट्टीताईने मागून घेतला. त्यावर आडवी रेघ मारून व्यवस्थापकांची सही घेतली, आणि धाकटीला दाखवायला त्याची घडी घालून पिशवीत ठेवली.

"सहा आठवड्यांनी बघू," व्यवस्थापक म्हणाले.

"बघा ना. मोजून बघा."

मग ती उंच खुर्चीवर चढली. शेवटच्या पायरीवर मांडीत कळ आली तशी क्षणभर थांबली, बसली, खोल पाण्यावरून एकदा नजर फिरवली आणि एक आखूड शिट्टी मारली. सर्वांत आधी मुख्याध्यापक उतरले, उलटे.